तो गप्प झाला की थांबायचं

त्याला चहा जिवापाड आवडायचा, आणि गेली तीस वर्षं तो कॉफी पीत होता. कॉफीची यात काही चूक नाही. चूक 'च' या अक्षराची. ते मेलं त्याच्या दातांमागे असं ठाण मांडून बसायचं की कॅन्टीनच्या खिडकीशी रांग लागलेली, मागचा ढकलतोय, खिडकीतला माणूस "काय देऊ, लवकर बोला" करतोय, आणि हा आपला तोंड उघडं टाकून उभा. एकदा वैतागून त्याने "काहीतरी गरम द्या" म्हटलं. खिडकीतल्याने कॉफी पुढे सरकवली. तेव्हापासून काहीतरी गरम म्हणजे कॉफी हे ठरूनच गेलं. काढा प्यायल्यासारखं तोंड करून तो रोज ती संपवायचा आणि कप परत ठेवायचा.

तोतरा होता तो, सरळ सांगायचं तर. पण त्याला तोतरा असं फारसं कुणी म्हणायचं नाही. त्याला सगळे 'तत्त्वज्ञ' म्हणायचे, आणि ही पदवी त्याला कशी मिळाली ते ऐकण्यासारखं आहे.

अडणारा शब्द समोर दिसला की तो वळसा घ्यायचा. 'पाणी' अडलं की "तहान भागेल असं काही". 'चप्पल' अडली की "ज्यांच्यावर आपला सगळा भार असतो त्या कुठे गेल्या?" आणि 'थांब' हा तर त्याचा हाडवैरी. त्याऐवजी तो म्हणायचा, "इथून पुढे जाण्यात अर्थ नाही." आता असं बोलणाऱ्या माणसाला लोक काय म्हणणार? एकदा त्याचा एक सोबती उलटा चालत नुकत्याच रंगवलेल्या जमिनीवर पाय देणार होता. हा ओरडला, "मागे जे आहे ते अजून ओलं आहे, जपून!" सोबती तिथेच थबकला. डोळे भरून आले त्याचे. भावाशी त्याचं भांडण होतं, सहा महिने बोलणं बंद. "खरंय रे बाबा," म्हणाला, आणि दोन पावलं मागे जाऊन रंगात उभा राहिला. बूट गेले, पण भावाशी समेट झाला. अशाने नाव होणार नाही तर काय होणार!

गंमत अशी की तीस वर्षं वळसे घेता घेता तो खरोखरच तत्त्वज्ञ झाला. सरळ रस्त्याने जाणाऱ्याला फक्त घर दिसतं, वळशाने जाणाऱ्याला सगळं गाव दिसतं. एका शब्दाला पर्याय शोधायचा तर तो शब्द आतून बाहेरून माहीत असावा लागतो. लोक 'उचलली जीभ, लावली टाळ्याला' करतात. याला ती चैन परवडणारीच नव्हती. बोलण्याआधी तो प्रत्येक शब्द हातात घेऊन बघायचा, खोक्यात काही फुटकं तर नाही ना अशा काळजीने.

लहानपणी मात्र यात काही मौज नव्हती. वर्गात "हजर" म्हणायला त्याला इतका वेळ लागायचा की सर पुढच्या नावावर निघून जायचे. पोरगं समोर बाकावर बसलेलं आणि कागदोपत्री गैरहजर! घरी त्याची ताई ही त्याची वकील. तो तोंड उघडायचा, वाक्य ताई संपवायची. "त्याला दूध नकोय." आणि याला तर हवं असायचं. पण नको म्हटलेलं दूध परत मागायचं म्हणजे आणखी एक वाक्य आलं. त्यापेक्षा तसंच झोपणं सोपं. ताईचं लग्न झालं तेव्हा घरातले सगळे पोरगी सासरी निघाली म्हणून रडले, हा वकील निघाली म्हणून रडला.

मायेने का होईना, लोक आपलं वाक्य संपवतात, हे त्याच्या जन्माचं दुःख होतं. तोंड त्याचं, आवाज दुसऱ्याचा. बरं, चुकीचं संपवलं तरी मान डोलवावी लागायची, कारण "नाही" म्हटलं की पुन्हा पहिल्यापासून.

मग त्याला क्रेनवाल्यांकडे काम मिळालं, आणि त्याचं नशीब उघडलं. तिथे इंजिनांचा असा गोंगाट की सगळेच मुके. जो तो हाताने बोलायचा. बोट वर करून फिरवलं की वर. तळवा खाली दाबला की खाली. दोन्ही हात आडवे पसरले की थांब. त्या दोन पसरलेल्या हातांसमोर केवढंही धूड असो, जिथल्या तिथे थांबायचं. पहिल्या दिवशी हे बघून त्याला गहिवरून आलं. ज्या शब्दाने आयुष्यभर छळलं तो इथे नुसते हात पसरले की बोलून होत होता. वर्षभरात तो इशारेवाला झाला, आणि त्याचा हात इतका स्वच्छ बोलायला लागला की दुसरीकडचे लोक बघायला यायचे.

वर केबिनमध्ये क्रेन चालवायला एक बाई होती. सगळे तिला वहिनी म्हणतात, पण तेव्हा ती कुणाचीच वहिनी नव्हती. कित्येक महिने तिने फक्त त्याचे हात पाहिले, त्याने फक्त तिच्या कामाची नजाकत पाहिली. एका दुपारी ती शिडी उतरून सरळ त्याच्यासमोर आली.

"तुमच्या हाताखाली काम करायला बरं वाटतं," ती म्हणाली.

त्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि घोडं अडलं. मान ताठ, डोळे मिटलेले, सगळा नेहमीचा तमाशा. तो वाट बघत राहिला, आता ही वाक्य संपवेल, नाहीतर केविलवाणं हसेल, नाहीतर घड्याळ बघेल. यातलं काहीच झालं नाही. डोळे उघडले तेव्हा ती तशीच उभी होती, अगदी निवांत.

"होऊ द्या सावकाश," ती म्हणाली. "हुकाला टांगलेला लोड झोके घेत असताना मी कधी घाई करत नाही."

लग्न झालं हे काय सांगायला हवं? घरी तिच्याशी बोलताना तो अडखळायचा, पण घाबरायचा नाही. भांडायचासुद्धा! तोतऱ्या माणसाचं भांडण ऐकायला फार धीर लागतो. ती भाजी निवडत बसायची, त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत जुडी संपायची, आणि मग ती शांतपणे म्हणायची, "झालं? आता माझं ऐका."

त्याची सगळी तत्त्वं तिथे, त्या स्वयंपाकघरात जन्मली. "भ-भाषा काय फक्त बोलणाऱ्याची असते?" तो म्हणायचा. "अर्धी बोलणाऱ्याची, अर्धी थांबणाऱ्याची." श्रद्धेवरही त्याचं मत होतं. न पाहिलेल्यावर भरवसा ठेवणं याला तो श्रद्धा म्हणायला तयार नव्हता, ती नुसती आशा. ज्याला नीट पारखलंय त्याच्याकडे खुशाल पाठ करून उभं राहता येणं, ती श्रद्धा. आणि प्रतिभा? बायकोच्या बोटांकडे बघत म्हणायचा, "झोका यायच्या आधीच ज्याला तो कळतो, त्याच्याकडे ती असते." बायको लाजायची आणि म्हणायची, "पुरे! आधी तो डबा वरून काढून द्या."

त्याच्या भाषेला एकच जागा बंद होती. भिंतीपलीकडे, छताखाली लोड उतरवायचा असेल तर क्रेनवाल्याला इशारेवाल्याचा हात दिसत नाही. तिथे वॉकीटॉकीवर बोलावं लागतं. त्या कामाला त्यांच्यात दुसरा माणूस होता, ज्याला सगळे 'बोलका' म्हणायचे. तोंडाचा पट्टा सतत चालू त्याचा. असं काम आलं की आमचा तत्त्वज्ञ बाहेर दोर गुंडाळत बसायचा.

आणि मग कागद कारखान्याचं ते काम आलं. कागद वाळवणारा ओतीव लोखंडाचा भला थोरला रूळ तडकला होता. दोन महिने कारखाना बंद, माणसं घरी बसलेली. नवा रूळ आला, छत उघडलं, क्रेन भिंतीबाहेर उभी राहिली. छतातल्या त्या फटीतून तो रूळ जुन्या दोन रुळांच्या मधोमध उतरवायचा. दोन्ही बाजूंना जेमतेम वीतभर जागा. जरा धक्का लागला तर जुनेही गेले आणि नवाही गेला, म्हणजे कारखान्याला कायमचं कुलूप. क्रेन संध्याकाळी दुसऱ्या कामाला निघणार होती. कामगार सकाळपासून फाटकाशी येऊन उभे होते.

आणि बोलक्याचा घसा बसला. बसला म्हणजे पार बसला. सकाळी आला, तोंड उघडलं, नुसती हवा. त्याच्या आयुष्यातली ती पहिली शांतता असावी. 

कारखान्याचे साहेब, क्रेनवाल्यांचा मुकादम आणि सगळी मंडळी छताखाली जमली. मुकादम तसा भला माणूस, पण घाईचा पुतळा. वीस वर्षं त्याने तत्त्वज्ञाची वाक्यं संपवली होती, आणि आपण उपकार करतोय असंच त्याला मनापासून वाटायचं.

"मी बोलतो वॉकीटॉकीवर," मुकादम म्हणाला.

वहिनी बोलली, "तुम्ही चांगले आहात मुकादम, पण तुम्हाला लोड वाचता येत नाही. मी यांच्या शब्दावर उतरवीन, नाहीतर आज उतरवणार नाही."

सगळे तत्त्वज्ञाकडे बघायला लागले. मनातून तो बायकोवर भयंकर चिडला. घरात विचारायला काय झालं होतं? चारचौघांत हे असं!

साहेब माणूस सभ्य होता, पण त्याने जे विचारायचं तेच विचारलं. "राग मानू नका. पण ऐन वेळी तुम्हाला 'थांब' म्हणायचं असेल आणि शब्द अडला, तर?"

प्रश्न रास्त होता. तत्त्वज्ञाकडे त्याचं उत्तर होतं, आणि उत्तर साधं होतं. पण ते तोंडातून बाहेर काढायचं होतं, तीसेक माणसांसमोर. त्याने सुरुवात केली, "म-म-म..."

"मला जमणार नाही म्हणतोय," मुकादमाने संपवलं. "जाऊ द्या, कशाला बिचाऱ्याला..."

आणि तत्त्वज्ञाने दोन्ही हात आडवे पसरले.

मुकादम बोलता बोलता गप्प झाला. वीस वर्षांची सवय! ते हात पसरलेले दिसले की थांबायचं, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं. सगळेच स्तब्ध झाले. हात तसेच पसरलेले ठेवून, मान ताठ करून, डोळे मिटून तो पुन्हा बोलायला लागला. किती वेळ लागला ते सोडा. घाम आला, ओठ थरथरले, पण त्याने एकही वळसा घेतला नाही.

"मी ग-गप्प झालो की ती थांबते. असा नि-नियमच आहे आमचा. 'खाली' म्हणायचं तर म्हणतच राहायचं. आवाज तुटला, की लोड थ... थ..."

कुणीही काही बोललं नाही.

"...थांबतो. वॉकीटॉकी बिघडला तरी थांबतो, माणूस मेला तरी थांबतो, मी अडखळलो तरी थांबतो. बाहेर लोक मौनाला संमती समजतात. आमच्यात मौन म्हणजे नकार. मी चुकीचं बोललो तर घाबरा. अडलो तर कशाला घाबरता?"

साहेब छतातल्या फटीकडे वळले. मग म्हणाले, "रिकाम्या हुकावर करून दाखवा."

करून दाखवलं. हूक छतातून खाली यायला लागला, "खाली, खाली, खाली..." आणि मधेच तो खरोखरीच अडला, मुद्दाम नव्हे. हूक जागच्या जागी थबकला. शब्द सुटला, हूक निघाला. साहेबांनी तीनदा बघितलं आणि मान हलवली. "चढवा रूळ," ते म्हणाले.

रूळ आकाशात उचलला गेला तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या माणसांनी माना वर केल्या. छतातल्या फटीवर तो आला, खालच्या दालनात अंधारून आलं. तत्त्वज्ञ जुन्या रुळांच्या बाजूला, उंच पायरीवर उभा होता. छातीशी वॉकीटॉकी. वर छतावर मुकादम, त्याच्याही हातात एक. दोन माणसं दोर धरून रूळ सरळ ठेवत होती.

"खाली, खाली, खाली..." त्याला एक लय सापडली. लयीत असलं की जीभ अडत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण लयीत बोलायची मुभा जगात कुठे असते? इथे होती. शंभर वेळा तोच शब्द, आणि प्रत्येक शब्दाला ते धूड बोटभर खाली. भिंतीपलीकडे बसलेली ती, जिला काहीच दिसत नव्हतं, त्याच्या आवाजाला धरून उतरवत होती. आपला आवाज कुणी असा शेवटपर्यंत ऐकतंय, याचं त्याला इतकं सुख झालं की भीती कुठल्या कुठे गेली.

रूळ जुन्या दोघांच्या मधे शिरला. कुठे घासला नाही. खाली बैठकीवर टेकायला हातभर अंतर उरलं. "खाली, खाली..."

आता कारखान्याच्या म्हाताऱ्या फिटरची गोष्ट सांगायला हवी. आयुष्यभर त्याने त्या मशीनची पोटच्या पोरासारखी निगा राखली होती. दोन महिने तो घरी तळमळला होता. आणि आता, रूळ टेकणार तेवढ्यात, त्याला बैठकीवर धुळीचा एक कण दिसला. बस्स. खिशातलं फडकं काढलं आणि वाकून, बैठकीत हात घालून, तो शेवटचं एकदा पुसायला लागला. आईने शाळेत निघालेल्या पोराचा चेहरा पदराने पुसावा, तसं. वर काय येतंय याचं त्याला भानच नव्हतं.

तत्त्वज्ञाला तो हात दिसला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली.

'थांब' नाही, 'खाली' नाही, काही नाही. बटणावरचा अंगठाही सुटला. आवाज तुटला.

आणि रूळ थांबला. फिटरच्या मनगटापासून चार बोटं वर.

छतावरून मुकादमाला फक्त एवढंच दिसलं की रूळ अडकलाय आणि तत्त्वज्ञाचं तोंड उघडं आहे. झालं! वीस वर्षांची माया उफाळून आली. वॉकीटॉकीवर त्याचा आवाज गरजला, "वहिनी, खाली म्हणतोय तो! खालीच! सोडा थोडा!"

तत्त्वज्ञाच्या छातीवर तो आवाज वाजला. आयुष्यभर जे झालं तेच पुन्हा झालं होतं. कुणीतरी त्याचं वाक्य संपवलं होतं, आणि या वेळी दूध नव्हतं पणाला, एका माणसाचा हात होता.

पलीकडून वहिनीचा आवाज आला. त्यात ना घाई होती ना राग. "मुकादम, चॅनल सोडा. ते अजून बोलतायत."

ते अजून बोलतायत! तो तर गप्प उभा होता. तिला तो दिसत नव्हता, हात दिसत नव्हता, रूळही दिसत नव्हता. पण तो गप्प आहे म्हणजे त्याला काही सांगायचंय, एवढं तिला पुरत होतं. फिटरने वर पाहिलं. डोक्यावर तो काळा डोंगर. हात सावकाश बाहेर आला, फडक्यासकट, पाचही बोटांसकट. दोरवाल्यांनी त्याला धरून मागे ओढलं.

मग तत्त्वज्ञाने पुन्हा अंगठा दाबला. एक श्वास घेतला. "खाली," तो म्हणाला. "खाली, खाली, खाली." रूळ बैठकीवर असा टेकला की आवाजसुद्धा झाला नाही.

आवाज नंतर झाला. फाटकाबाहेरची माणसं आत धावत आली, कुणी टोप्या उडवल्या, कुणी एकमेकांना मिठ्या मारल्या. बोलका घसा बसलेला असताना ओरडत होता आणि नुसती हवा निघत होती. म्हातारा फिटर आपला हात उलटासुलटा करून बघत होता आणि रडत होता. मुकादम छतावरून उतरला तो सरळ तत्त्वज्ञासमोर येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मी 'खाली' म्हटलं," तो म्हणाला. "मी म्हटलं रे." त्याला पुढे बोलवेना. वाक्य अर्धवट राहिलं. तत्त्वज्ञाने ते संपवलं नाही. तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, सावकाश होऊ दिलं.

वहिनी शिडी उतरून, हातमोजे काढत आत आली. "इतका वेळ काय झालं होतं?" तिने विचारलं. त्याने फिटरच्या हाताकडे बोट दाखवलं. तिने पाहिलं, आणि ती पायरीवर मटकन बसली.

साहेबांनी कॅन्टीन उघडायला लावलं. दोन महिन्यांनी खिडकीचं फळकुट वर झालं. सगळ्यांनी तत्त्वज्ञाला पुढे ढकललं, पहिला मान त्याचा. सोबत्यांपैकी कुणीतरी जुन्या सवयीने "यांना कॉफी" म्हटलं, आणि खिडकीतल्या माणसाने कप भरायला घेतला.

"थ... थांब," तो म्हणाला.

मागे साठ-सत्तर माणसं, तहानलेली, दमलेली. त्याने तोंड उघडलं. "च..." मान ताठ झाली. "च... च..." काय येणार ते सगळ्यांना कळलं. अगदी फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा कळलं. मुकादमाच्या ओठांवर तर तो शब्द आलाच होता. त्याने तोंडावर हात दाबून धरला. खिडकीतला माणूस रिकामा कप घेऊन उभा राहिला. कुणी खोकलं नाही, कुणी मदत केली नाही, कुणी हललंसुद्धा नाही. सगळा कारखाना त्याच्यासाठी थांबला.

"...चहा!" तो म्हणाला. "साखर जरा जास्त."